उलटी काच

चॅपलच्या कपाटात, प्रार्थनेच्या पुस्तकांखाली
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि त्यात सत्तावीस फोटो.
सव्वीस जण एका हिवाळ्यात ओळखले आम्ही,
कुणी नाकावरून, कुणी भुवयांवरून,
कुणी तर नुसत्या उभं राहण्याच्या ऐटीवरून.
उरला एक.
खेचराचा लगाम धरलेला शिपाई,
टोपी जरा मोठी, मागून आणल्यासारखी,
आणि लगाम धरलेल्या उजव्या हाताला
तीनच बोटं.

आमचं गाव पाटीच्या दगडाचं.
डोंगर सोलून सोलून आम्ही छपरं पाठवली
लिव्हरपूलला, हॅम्बुर्गला, कुठकुठल्या बंदरांना,
आणि शाळांना पाट्या,
ज्यांच्यावर कुठलीशी पोरं बेरजा लिहून
थुंकीनं पुसून मोकळी झाली.
पुसलं जाणं आमच्या धंद्यातच आहे.

चौकातल्या स्मारकावर नऊ नावं.
नवांचेही चेहरे लागले, हा कशातच बसेना.
मग खाणीच्या दवाखान्याची वही:
इथेल प्रिचर्ड, वय एकोणीस, सुरुंग, दोन बोटं.
मी खुर्चीतून उठलोच.
पुढे लिहिलं होतं: डावा हात.
बसलो पुन्हा.
एमलिन म्हणाला, "आणि उजवी बोटं गेलेल्याला
सैन्यात घेईल कोण? चाप काय नाकानं ओढणार?"
फोटो परत डब्यात.
वेल्समध्ये पाऊस असतोच, तोही होता.

मॉरविथ एलिस आली ती फक्त चहाला.
वय त्र्याण्णव, अख्ख्या गावाचे सदरे शिवलेली.
तिनं तोंडाकडे पाहिलंच नाही त्याच्या.
भिंग छातीवर नेलं, तिथंच ठेवलं,
आणि विचारलं,
"हा बाईचा कोट घालून का उभाय?"

आम्ही गप्प.

"पुरुषाची डावी कड उजवीवर येते.
साठ वर्षं काजं केलीत मी.
ही उलटी आहे.
आणि बिस्किटं मऊ पडलीत तुमची."

भिंतीवरचा आरसा काढला, कडेनं पारा गेलेला.
त्याच्यासमोर फोटो धरला.
बटणं जागेवर आली.
टोपीचा बिल्ला डोळा बदलून बसला.
तीन बोटांचा हात हळूच
डाव्या बाजूला गेला,
जसा चर्चमध्ये उशिरा आलेला माणूस
आपल्या नेहमीच्या बाकावर सरकतो.

स्टुडिओतल्या कुणा पोरानं
जेवायच्या घाईत काच उलटी ठेवली असेल.
तेवढ्यानं शंभर वर्षं
एक माणूस स्वतःच्याच हाताला पारखा झाला.

मग बाकीचं भराभर सापडलं,
म्हणजे फारसं काही नाहीच.
सामानाच्या तुकडीत खेचरं हाकायचा.
एकोणीस साली परत आला.
चोवीस साली, मार्चमध्ये,
याच चॅपलचं गळकं छप्पर शाकारताना पडला.
नोंदवहीत दीड ओळ.
तिकडे मेला असता तर दगडात कोरला गेला असता,
घरी आला म्हणून पाटीवर राहिला.

त्याच्या भावाची नात खालच्या शहरात केस कापते.
फोन केला. मागे ड्रायरचा आवाज.
म्हणाली, "त्याच्याबद्दल घरात बोलत नसत.
कॉपी पाठवा." मग म्हणाली, "नको, मीच येते."
अजून आलेली नाही.
कौन्सिलचं पत्र मात्र आलं:
स्मारक फक्त युद्धात पडलेल्यांसाठी.
पडला तर हाही होता,
पण मी ते उत्तरात लिहिलं नाही.

काल फोटोच्या पाठीवर
शिसपेन्सिलीनं नाव घातलं.
इथेल प्रिचर्ड.
खाली बारीक अक्षरात: आरशातून पाहावे.

आता फक्त एकच उरलंय.
कान टवकारून, सरळ कॅमेऱ्यात पाहणारं,
उलट्या काचेतही जसंच्या तसं दिसणारं
ते खेचर.
त्याचं नाव अजून लागलेलं नाही.